अमेरिकेचा सीआर-१ जोडीदार व्हिसा: कुठे चालतो, कुठे अडतो

आधी निकाल: पाचपैकी साडेतीन तारे. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक, दुसरा जोडीदार इकडे, लग्न नुकतंच झालेलं, अशांसाठी हा व्हिसा आहे. नियम लिखित आहेत, फी ठरलेली आहे आणि सरळ केस असेल तर वकील किंवा एजंट न लावता काम होतं. अर्धा तारा कापला संथपणासाठी. पूर्ण एक तारा कापला तो दाखल्यावरच्या एका चुकीच्या अक्षराची शिक्षा महिन्यांत मोजावी लागते म्हणून.

वर्ग नीट ओळखा, कारण पहिली गफलत तिथेच होते. अर्जदार (म्हणजे जोडीदारासाठी आय-१३० हा मूळ अर्ज भरणारा) अमेरिकन नागरिक आणि प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नाहीत, तर सीआर-१. दोन वर्षं उलटली असतील तर आयआर-१. अर्जदाराकडे नुसतं ग्रीनकार्ड असेल तर फॉर्म तोच, पण वर्ग एफ-२ए. त्याला वार्षिक कोटा आहे आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख येईपर्यंत थांबावं लागतं. मधल्या काळात अर्जदार नागरिक झाला तर नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत पाठवून वर्ग बदलून घ्या, तिकडून कोणी विचारायला येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला यातलं काही लागत नाही, तिचा एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा वेगळा.

के-१ हा वाग्दत्तांचा व्हिसा. साखरपुड्याच्या नावाखाली होम-सप्तपदी उरकायची, नोंदणी तिकडे गेल्यावर करायची आणि इथून के-१ भरायचा, हा बेत हमखास फसतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार सप्तपदी पूर्ण झाली की लग्न पूर्ण झालं. अधिकाऱ्याला फोटोत सातवं पाऊल दिसलं की अर्ज नाकारला जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पैशांचा हिशेब सरळ आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर भरलात तर ६७५. पुढे नॅशनल व्हिसा सेंटरला (मुलाखतीआधी फी आणि कागद घेणारं अमेरिकन कार्यालय) व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२०. व्हिसा मिळाल्यावर ग्रीनकार्ड छापण्यासाठी २३५. ऑनलाइन मार्गाने एकूण १,३०५ डॉलर. वैद्यकीय तपासणी, लसी आणि पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस क्लिअरन्सचे ५०० रुपये वेगळे. व्हिसा सेंटरची फी फक्त अमेरिकन बँक खात्यातून भरता येते, म्हणून ते काम तिकडच्या जोडीदाराकडेच ठेवा. याच्या वर कोणी मोठी रक्कम मागत असेल तर ती त्याच्या मेहनतान्याची. त्याला वाटेत वेगळी खिडकी उघडून मिळत नाही.

पहिला टप्पा आय-१३०. सोबत भारतातल्या जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए. जोडीदार परदेशात असेल तर त्यावर त्याची सही लागत नाही, पण फॉर्म पूर्ण भरलेला हवा. नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा आणि दोघांचे दोन बाय दोन इंचांचे फोटो जोडा. फॉर्ममध्ये एक रकाना बऱ्याच जणांकडून सुटतो: जोडीदाराची भाषा रोमन लिपीत लिहिली जात नसेल तर नाव आणि पत्ता मूळ लिपीत लिहा, असं तिथे स्पष्ट विचारलेलं असतं. तिथे देवनागरीत लिहायचं. शेवटी एकत्र कुठे आणि कधीपासून कधीपर्यंत राहिलात, हेही विचारतात. लग्नानंतर तीन आठवडेच एकत्र राहिला असाल तर त्याच तारखा लिहा. फुगवलेल्या तारखा पुढे पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी भांडतात.

लग्न खरं आहे याचा पुरावा देताना नव्या जोडप्यांना घाम फुटतो. एकत्र बँक खातं नाही, भाडेकरार नाही, मूल नाही. त्याची गरजही नाही. ठरवून झालेलं लग्न अधिकाऱ्यांना नवीन नसतं. त्यांना घटनाक्रम हवा असतो: स्थळ कुठून आलं, बायोडाटा कोणी पाठवला, कांदेपोहे कधी झाले, साखरपुडा, लग्न, त्यानंतरच्या भेटी. पंधरा-वीस फोटो पुरतात, पण प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते हवं. नुसतं 'फॅमिली फोटो' लिहिलेला फोटो काहीच सांगत नाही. 'नागपूर, मुलीचे आईवडील, मुलाची आत्या' असं लिहिलं की तोच फोटो पुरावा होतो. लग्नपत्रिका, हॉलची पावती, विमानाचे बोर्डिंग पास, विम्यात किंवा पीएफमध्ये जोडीदाराचं नॉमिनेशन, आणि दर महिन्यातला एखादा दिवस घेऊन केलेली चॅटची पानं जोडा. हजार पानांचा गठ्ठा पाठवून केस भक्कम होत नाही.

मंजुरीला साधारण वर्ष-दीड वर्ष धरा. नेमका हाच काळ कागद दुरुस्त करायचा असतो आणि बहुतेक जण तो स्टेटस बघण्यात घालवतात.

आता महाराष्ट्रातल्या कागदांकडे, कारण खरी अडचण तिथे आहे. विवाह प्रमाणपत्र म्हणजे गुरुजींनी दिलेला किंवा मंगल कार्यालयाचा दाखला नव्हे. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली नमुना 'ड' मधलं विवरणपत्र द्यायचं, नवरा-बायको आणि तीन साक्षीदारांनी निबंधकासमोर सह्या करायच्या, मग प्रमाणपत्र मिळतं. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर येणार असेल तर वॉर्ड ऑफिसची किंवा नगरपालिकेची तारीख हॉलच्या तारखेबरोबरच ठरवा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवं. तीन आठवड्यांच्या रजेत ते बसत नाही.

जन्मदाखल्याचे नमुनेदार दोष ठरलेले आहेत. एक, बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण नोंद दवाखान्यातून झाली आणि बारसं नंतर. दोन, दाखल्यावर घरचं नाव, पासपोर्टवर शाळेतलं. तीन, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरांत. चार, जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली आणि पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून निघाला. पहिल्या तीन दोषांवर नोंद दुरुस्त करून घेणं हाच उपाय, नुसतं प्रतिज्ञापत्र जोडणं ही तात्पुरती मलमपट्टी. चौथ्यात आधी कोणती तारीख खरी ते ठरवा आणि सगळे कागद तिच्याकडे वळवा. नोंदच सापडत नसेल तर त्याच कार्यालयाचं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र, आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळेचे कागद एकत्र द्या. कागद फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे, असं सहीनिशी लिहायचं.

बायकोचं नाव हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतात. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने छापला जातो. अमेरिकेला नाव बदललेलं हवं असं अजिबात नाही. त्यामुळे स्पष्ट मत: बदलायचं असेल तर आय-१३० भरण्याआधी पासपोर्टसकट बदला, नाहीतर केस संपेपर्यंत हात लावू नका. अर्धवट बदल सगळ्यांत वाईट: आधारवर नवं, पासपोर्टवर जुनं, पॅनवर तिसरंच. वापरलेलं प्रत्येक नाव डीएस-२६० च्या (पुढे भरायचा व्हिसा अर्ज) 'इतर नावं' या रकान्यात लिहा, तांदळातलं नाव कागदोपत्री वापरलं असेल तर तेही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातूनच घ्यायचं. नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयाकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. नवी सून सासरी राहायला गेली आणि पासपोर्टवर माहेरचा पत्ता असेल तर पडताळणीला पोलीस कोणत्या पत्त्यावर येणार, हे अर्ज भरतानाच पाहा. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आधीच्या एखाद्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही क्लिअरन्स लागतं. दुबई-मस्कतला नोकरी केलेल्यांनी हे सगळ्यांत आधी मागवावं.

मंजुरीनंतर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि नवा क्रमांक मिळतो. मुंबईच्या केसची सुरुवात 'बीएमबी' या अक्षरांनी होते, बॉम्बेची आठवण अजून तिथे शिल्लक आहे. फी भरा, डीएस-२६० भरा, कागद अपलोड करा. स्कॅन रंगीत हवा, मागच्या बाजूला शिक्का असेल तर तीही बाजू हवी. एक कागद परत आला की दुरुस्त करून पुन्हा रांगेत. सगळं स्वीकारलं गेल्यावरच मुलाखतीचा नंबर लागतो. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस रद्द होऊ शकते, म्हणून कागद जमेपर्यंत अधूनमधून लॉगिन करत राहा. डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का या प्रश्नाला 'हो' म्हणा, तिकडे गेल्यावर एक खेप वाचते.

आर्थिक हमीपत्र म्हणजे आय-८६४. अर्जदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या कोष्टकात दोघांच्या घराला ते २६,४३७ डॉलर होतं. आकडा मोठा वाटत नाही, पण घरातली माणसं मोजताना चूक होते. मुलाने आधी आईवडिलांना आय-८६४ देऊन ग्रीनकार्डवर नेलं असेल आणि ती जबाबदारी अजून संपलेली नसेल, तर तेही मोजायचे, मग ते वेगळ्या घरात का राहत असेनात. दोघांचं घर कागदावर चौघांचं होतं. उत्पन्न कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस, चालतो, तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आणि अमेरिकेत राहणारा हवा. मालमत्ता दाखवायची असेल तर नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. अर्जदार स्वतःच सध्या पुण्यात राहून काम करत असेल तर अमेरिकेत परत बिऱ्हाड करणार असल्याचे पुरावे वेगळे जोडावे लागतात: नोकरीचं पत्र, घराचा शोध, चालू बँक खातं.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि लसी. बाळपणाचं लसीकरण कार्ड माळ्यावर असेल तर उतरवा, त्यावरच्या नोंदी धरल्या तर तेवढ्या सुया वाचतात. एक्स-रेत जुन्या टीबीचा डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. तो नकार नव्हे, पण तिकिटं आधी काढली असतील तर ती वाया जातात. गरोदर असाल तर आधी सांगा, गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी त्या काळात देत नाहीत.

मुलाखतीआधी बोटांचे ठसे आणि फोटो यांची वेगळी फेरी असते. मग वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात. प्रश्न कसे भेटलात, नवरा काय करतो, लग्नाला कोण आलं होतं, असे साधे असतात. ज्यांनी आपलाच फॉर्म स्वतः वाचलेला नसतो, ते इथे अडखळतात. एजंटने भरलेला फॉर्म असेल तर आदल्या रात्री ओळ न् ओळ वाचा. २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका, एखादा कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे एवढाच तिचा बहुतेक वेळा अर्थ असतो. मागितलं आहे तेवढंच द्या.

या दीड-दोन वर्षांत भेटायला जायचं म्हणून टुरिस्ट व्हिसा मागायची घाई करू नका. टुरिस्ट व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात आय-१३० दाखल आहे हे सांगावंच लागतं आणि मग परत येण्याचा हेतू पटवणं अवघड होतं. नागरिक जोडीदारानेच इकडे यावं. त्याच्या प्रत्येक फेरीचे बोर्डिंग पास पुराव्यात भर घालतात, हा वरचा फायदा.

व्हिसा हातात आल्यावर तारीख बघा. लग्नाचा दुसरा वाढदिवस व्हिसाच्या मुदतीतच येत असेल तर विमान त्यानंतरचं घ्या आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून आयआर-१ म्हणून नोंद करायला सांगा. दहा वर्षांचं कार्ड मिळतं. आधी गेलात तर कार्ड दोन वर्षांचं आणि ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्ड पक्कं करून घेण्याचा अर्ज, भरायचा. त्याला मात्र एकत्र खातं, भाडेकरार, एकत्र भरलेला कर असे एकत्र संसाराचे कागद लागतात, म्हणून पोचल्याच्या पहिल्या महिन्यापासून विजेच्या बिलावरसुद्धा दोघांची नावं घाला.