‘गोश’ शब्दापासून दख्खनपर्यंत: एटिमऑनलाइन या व्युत्पत्तिकोशाविषयी

‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ अर्थात एटिमऑनलाइन हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तींचा विनामूल्य कोश अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे डग्लस हार्पर यांनी उभा केला. कोशाची पारख करायची तर एकच शब्द घेऊन त्याच्या तळाशी जावे, या मताचा मी असल्याने ‘गोश’ हा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द निवडला. त्याचे स्पेलिंग पाहून आपल्यापैकी अनेकजण तो ‘गौचे’ असा वाचतील. अर्थ मात्र ओळखीचा आहे. लग्नाच्या पंगतीत बसून वधूपित्याला ताटाचा दर विचारणाऱ्या माणसाला ‘पोच नाही’ असे आपण म्हणतो, तोच हा गोश मनुष्य.

नोंद जेमतेम काही ओळींची आहे, पण भरीव आहे. इंग्रजीतील पहिला लेखी आढळ 1751 चा. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘डावा’, आणि त्याही आधीचा अर्थ ‘वाकडा, ओबडधोबड’. त्याच्यामागे बाजूला वळणे या अर्थाचे क्रियापद असून, लॅटिन ‘सिनिस्टर’पासून आलेल्या जुन्या शब्दाला हटवून ‘गोश’ने फ्रेंचमध्ये डाव्या बाजूची जागा पटकावली. तेथून मी ‘ऑकवर्ड’कडे वळलो. त्यातील ‘ऑक’ हा आता लुप्त झालेला शब्द जुन्या नॉर्समधून आलेला असून त्याला मराठीत ‘उफराटा’ हा नेमका प्रतिशब्द आहे. चौदाव्या शतकात ‘ऑकवर्ड’ म्हणजे उलट्या दिशेने, आणि अवघडलेपणाचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला. ‘लेफ्ट’चे मूळही ‘दुबळा’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात निघाले, तेव्हा डावखुरा असलेल्या मला थोडे वाईट वाटले. अर्थात, ‘उजवा’ म्हणजे सरस मानणाऱ्या आणि नकोशा माणसाला ‘डावलणाऱ्या’ मराठीने इंग्रजीला बोल लावण्यात अर्थ नाही.

या कोशाचे खरे वैभव त्याच्या धातूंच्या पानांत आहे. लॅटिन ‘डेक्स्टर’, म्हणजे उजवा, याच्या धातूवर गेल्यास संस्कृत ‘दक्षिण’ भेटतो आणि त्याच कुळात ‘डेक्कन’, म्हणजे आपले दख्खन, नांदताना दिसते; पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला येतो, एवढे साधे त्यामागचे कारण आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाप्रमाणे येथे प्रत्येक अर्थाखाली जुन्या ग्रंथांतील उतारे क्रमाने मिळत नाहीत, आणि आधारग्रंथांची यादी स्वतंत्र पानावर असल्यामुळे कोणते विधान कोठून घेतले हे बहुधा कळत नाही. वर्षे ही उपलब्ध लेखी नोंदीची आहेत, शब्दाच्या जन्माची नव्हेत, हे कोशकार स्वतःच बजावतात. प्रबंधात दाखला देण्यासाठी मी याच्यावर विसंबणार नाही. अनुवाद करताना मात्र तो नेहमी उघडा ठेवतो. ‘मॅलड्रॉइट’, म्हणजे हाताला वळण नसलेला, हा शब्द ‘डेक्स्टर’च्याच घराण्यातला असणार, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. तो सरळ या अर्थाच्या लॅटिन ‘डिरेक्टस’कडून आला आहे, हे मला येथेच कळले.