नववीची खरेदी आणि अप्पा बळवंत चौक: पाचपैकी साडेतीन

आठवीपर्यंत अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट मिळतात, त्यामुळे बऱ्याच घरांत पाठ्यपुस्तकं विकत घ्यायची पहिली वेळ नववीत येते. माझ्या भाचीच्या घरीही तसंच झालं. तिची लेक यंदा नववीत गेली आणि यादीचा कागद माझ्या हातात आला. निवृत्त होईपर्यंत मी नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवलं, तेव्हा हे काम मावशीआजीचंच, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

आधी अप्पा बळवंत चौकाबद्दल, म्हणजे पुण्याच्या पुस्तकबाजाराबद्दल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथे गाडी आणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आम्ही मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलो. सकाळी दुकानं उघडतात तेव्हाच पोचा. दुपारनंतर काउंटरवर चार रांगा लागतात आणि मागच्याचा हात तुमच्या खांद्यावरून पुढे येतो. मालाला मात्र तोड नाही. पुण्यात दुसरीकडे कुठेही न मिळालेली संस्कृतची वही मला इथे मिळाली, आणि विक्रेत्याने तिच्याकडे न बघताच ती काढून दिली. अर्धा गुण मी या स्मरणशक्तीला दिलाय.

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "मराठी, सेमी की इंग्लिश?" याचं उत्तर सगळ्यांना येतं. अडतं ते पुढे. मराठीचं पुस्तक कुमारभारती की अक्षरभारती? मराठी माध्यम आणि सेमीच्या मुलांना कुमारभारती लागतं. अक्षरभारती इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं. हिंदी पूर्ण घेतलं असेल तर लोकभारती, संयुक्त (म्हणजे दोन भाषा निम्म्या-निम्म्या) असेल तर लोकवाणी. संस्कृत पूर्ण असेल तर आमोदः, संयुक्त असेल तर आनन्दः. आमच्या शेजारी एक बाबा फोनवर शाळेला विचारत उभे होते आणि त्यांचा मुलगा लाजून दुसरीकडे बघत होता. अरे, तूच सांग ना, वर्गात तूच बसणार आहेस! विषयांची निवड पक्की करून, कागदावर लिहून मगच घराबाहेर पडा.

आता गुण कुठे कापले ते सांगते. एका दुकानात (नाव लिहीत नाही) नुसती पाठ्यपुस्तकं मागितली तर "सेटच घ्या, सगळे सेट घेतात" म्हणून गाईडांची चळत समोर ठेवली. पाठ्यपुस्तक छापील किमतीला, गाईडवर सूट, म्हणजे दुकानदाराचा जीव कशात आहे ते कळतंच. मी नको म्हटलं तर तो नातीकडे वळला, "ताई, दहावीचा पाया आहे, नंतर जड जाईल." ताई लगेच घाबरली. "मावशीआजी, सगळेच घेतात गाईड." मी दुकान बदललं. पुढच्या दुकानात हव्या तेवढ्याच वस्तू मिळाल्या, वर खाकी कागदाची गुंडाळी स्वस्तात.

गाईडला माझा विरोध नाही, घाईला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात जागोजागी 'थोडे आठवा', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत. मी चाचणी काढायचे ती बहुतेक तिथूनच, कारण मुलाने धडा वाचलाय की उतरवलाय हे तिथे उघडं पडतं. जूनमध्ये गाईड हातात आलं की या चौकटी मेल्या. त्यांची उत्तरं तयार मिळतात. दिवाळीनंतर घ्या, तोवर कुठे अडतं हे तरी कळलेलं असतं. अपेक्षित प्रश्नसंच तर नववीला अजिबात नको. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे गाईडं मिळतातही स्वस्तात, फक्त आवृत्ती बघा आणि भूमितीची पानं उघडून पाहा. आधीच्या मालकाने सगळी उत्तरं पेनाने लिहिली असतील तर सोडून द्या.

"दहावीचा पाया" हे त्या विक्रेत्याचं म्हणणं मात्र खरं आहे, त्याने ते चुकीच्या वस्तूला जोडलं एवढंच. गणिताच्या पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणं आहेत, आणि दहावीच्या पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेच. त्रिकोणमिती, वर्तुळ, निर्देशक भूमिती, सगळं नववीत सुरू होतं आणि दहावीत पुढे चालतं. म्हणून नववीची पुस्तकं मार्चनंतर रद्दीत किंवा जुन्या बाजारात देऊ नका. दहावीत ऑक्टोबरच्या सुमारास माझी मुलं हमखास विचारायची, "बाई, नववीचं पुस्तक आहे का कुणाकडे?"

विज्ञानाचं शेवटचं प्रकरण दुर्बिणींचं आहे. ते शाळांमध्ये घाईत उरकतात. तसं करू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, पुण्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. पोरांना घेऊन जा.

बाकी यादीतलं पटकन. वह्या दोनशे पानी घ्या, पण सगळ्या एकदम नकोत. गणिताला दोन, इतरांना एकेक, उरलेल्या दिवाळीनंतर. जर्नल शाळेने सांगितलेलंच. कंपास पेटी घेताना दुकानातच आतला कंपास उघडून कागदावर एक वर्तुळ काढा. सांधा ढिला असेल तर रेघ जिथून निघाली तिथे परत येत नाही, आणि नववीत त्रिकोणाच्या रचना आहेत. मी तीन पेट्या परत केल्या, चौथी घेतली. विक्रेता वैतागला होता, पण काही बोलला नाही. चित्रकला बरी असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची चौकशी शाळेत आत्ताच करा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, आणि दहावीत आठवण झाली तर फार उशीर होतो.

पुस्तक संपलंय असं सांगितलं तर घाबरू नका, चार दिवसांत येतं. तोवर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. बिल जपून ठेवा. चुकीचं पुस्तक निघालं तर बरेच दुकानदार बदलून देतात, फक्त त्यावर नाव घातलेलं नको. म्हणजे कव्हरं घालायचा कार्यक्रम शाळेत एकदा पुस्तकं दाखवून आल्यावरच.