‘सी चीफ’च्या नावाखाली माझे १९,८५० रुपये गेले. जुनं घड्याळ घेणाऱ्यांनी वाचाच

घड्याळाचे १८,५००, नव्या पट्ट्याचे ७५० आणि मशीन साफ करायचे ६००. एकूण १९,८५० रुपये.

बाबांचं फेवर लुबा या स्विस कंपनीचं सी चीफ घड्याळ २६ जुलै २००५ च्या पुरात कुर्ल्याच्या घरातून गेलं. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, म्हणून तसंच शोधत होतो. एका ग्रुपवर जाहिरात दिसली. गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, आजोबांच्या कपाटात सापडलं, वगैरे. ही गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. मीही ऐकली होती. पण माणूस मराठी, बोलणं मऊ, आणि फेवर लुबाचा मुंबईत १८६५ पासून धंदा, म्हणजे गिरगावातल्या कपाटात ते निघणं अगदी शक्य. मी बँकेत २६ वर्षं काढलीत, खोटी सही लांबून ओळखतो. हावरटपणा केला नाही, फुकटात मागितलं नाही. त्याने २४,००० सांगितले, १८,५०० ला ठरलं.

ग्रँट रोडला एका इराण्याकडे भेटलो. चावी देऊन पाहिली, कानाला लावलं, टिकटिक सरळ होती. मग त्याने मोबाइलचा टॉर्च दहा सेकंद डायलवर धरला, घड्याळ टेबलाखाली नेलं, वर ओंजळ केली आणि म्हणाला, “बघा दादा, रेडियम अजून जिवंत.” मी वाकून पाहिलं. काटे आणि ठिपके हिरवेगार चमकत होते. मला बाबांचा हात आठवला, लाइट गेल्यावर अंधारात दिसायचा तसा. तिथेच मी जीपे केलं.

तिथेच मला कळायला हवं होतं. डायलच्या तळाशी ‘टी स्विस मेड टी’ छापलेलं होतं. ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, काट्यांच्या चमकत्या रंगातलं किरणोत्सारी द्रव्य. ते स्वतःच उजळतं, त्याला टॉर्च लागत नाही. आणि दर बारा वर्षांच्या आसपास त्याचा जोर निम्मा होतो. साठ वर्षांच्या घड्याळात तीस हिश्श्यांतला जेमतेम एक उरतो. टॉर्च दाखवल्यावर असा हिरवागार पेटणारा रंग बहुधा अलीकडचा. हे सगळं मी आधी वाचलं होतं! तरी त्या हिरव्या उजेडापुढे डोकं बंद पडलं. अजून रात्री ती ओंजळ डोळ्यांपुढे येते. जुनं डायल टॉर्चनंतर असं जोरात चमकत राहिलं, तर घड्याळ खाली ठेवा आणि उठा.

दादरच्या आमच्या घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण काढलं. डायलवर ‘ट्विन पॉवर’, म्हणजे आत दोन बॅरल, स्प्रिंग गुंडाळून ठेवायच्या डब्या, हवीत. होतं एकच. मशीन दुसऱ्याच स्वस्त घड्याळाचं, डायल नव्याने रंगवलेलं. भिंगातून पाहिलं तर ‘लुबा’मधलं एक अक्षर जाड, शेजारचं बारीक. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव यासाठी घेतलं जातं, याचा मला संताप येतो. पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावा. “वॉटरप्रूफ सील तुटेल” म्हणाला तर ठाम नकार द्या.

मग पोलीस ठाणं. तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा “जुनी वस्तू घेतलीत, पावती कुठाय?” तिसऱ्यांदा सायबरकडे पाठवलं. तिथे विचारलं, “ओटीपी दिलात का? नाही? मग हे आमचं नाही.” बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. अहो, मीच पाठवले, खोटं सांगून घेतले म्हणून तर आलोय! त्याचा नंबर, यूपीआय आयडी, चॅट, सगळं छापून नेलं होतं. एकानेही कागद हातात घेतला नाही. माझ्या वयाच्या माणसाला बाकावर दोन तास बसवून “पुढच्या वेळी जपून” सांगतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण विकणाऱ्याचा पत्ता लागतो. चाळीचा पत्ता खोटा निघाला. म्हणून नाव, पत्ता आणि ‘मशीन व डायल मूळचे’ एवढं कागदावर सहीसकट घ्या, चहाच्या टेबलावर का होईना.

एचएमटीवाल्यांनाही सांगतो. कंपनीचे घड्याळांचे जुने कारखाने बंद झालेत, तेव्हा “पॅकबंद जुना स्टॉक” म्हणून एकाच मॉडेलचे दहा रंग कोणी दाखवले तर विचारा, आले कुठून?

काल त्याच ग्रुपवर नवीन जाहिरात पाहिली. नाव वेगळं, आजोबांऐवजी मामा, किंमत २१,०००. फोटोत घड्याळाखाली तेच निळ्या चौकड्यांचं मेणकापड आहे, कोपऱ्यात जळल्याचा डाग असलेलं. ते घेऊ नका.