डाव्या पारड्याला तीन दोऱ्या, उजव्याला दोन

सनद घेऊन नऊ वर्षं झाली. रोज दुसऱ्यांचे करारनामे वाचते, त्यात चुका काढते, आणि स्वतःच्या फर्मच्या लोगोसाठी मात्र एका ओळीचाही कागद केला नाही. सांगायची लाज वाटते. पण मागच्या महिन्यात बाररूममध्ये दोन ज्युनिअर अगदी याच पद्धतीने पैसे देऊन बसल्याचं कळलं, म्हणून लिहितेय.

नाशिकला मी आणि माझा वर्गमित्र, दोघांनी मिळून फर्म सुरू केली. वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियम ३६ ने हात बांधलेले. मग उरतं काय? दारावरची पाटी (तीही वाजवी आकाराची), लेटरहेड, कार्ड आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर चालते तेवढी मोजक्या माहितीची वेबसाइट. या चार ठिकाणी एकसारखं काहीतरी दिसावं, एवढीच हौस.

इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं. सगळे वकिलांचे आणि सीएंचे लोगो. फोनवर मुलगा गोड बोलला, मराठीच होता, ‘मॅडम, तुमच्याच फिल्डचं काम करतो’ म्हणाला. बारा हजार सांगितले, निम्मे आधी. यूपीआयने लगेच टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नमुने हजर.

पहिल्यात चक्क अशोकस्तंभ, आणि खाली आमची आडनावं! मी त्याला म्हटलं, अरे, २००५ चा कायदा आहे, राजमुद्रा अशी वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ओके मॅडम, सिंह काढतो’, आणि दहा मिनिटांत सिंह गायब. हा किस्सा मी आठवडाभर हसत सांगत होते. वकिलांचेच लोगो करणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं, याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. दुसऱ्या नमुन्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. तिसऱ्यात आमच्या आद्याक्षरांमधून लोंबणारा तराजू. तो दोघांनाही आवडला.

‘फायनल’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन चित्रं आली. उरलेले सहा हजार दिले. मग तो म्हणाला, लोगो कायमचा तुमच्या नावावर हवा असेल तर ओनरशिप सर्टिफिकेट घ्या, अडीच हजार. घेतलं. सोनेरी किनार, लाल गोल शिक्का, ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असा मजकूर. देणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. हाच कागद एखाद्या पक्षकाराने आणला असता तर मी त्याला तिथेच झापलं असतं. स्वतःसाठी मात्र रंगीत प्रिंट काढून फाइलला लावला.

खरी उलटतपासणी केली ती बोर्डवाल्या काकांनी. शालिमारकडे त्यांचं छोटं दुकान आहे, आत अ‍ॅक्रिलिक कापायचं मशिन. मोबाइलवरचं चित्र बघून म्हणाले, ‘हे नाही चालायचं, ओपन फाइल आणा. सीडीआर आणा.’ म्हणजे कोरलड्रॉमधली, बदलता आणि मोठी करता येणारी मूळ फाइल. डिझायनरला फोन केला तर त्याचे वेगळे दीड हजार. तेही दिले. फाइल आली, काकांनी ती कॉम्प्युटरवर मोठी केली आणि माउस सोडून माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम, हा तराजू मी आधी कापलाय.’

मी म्हटलं, तराजू काय, सगळे सारखेच असतात.

‘नाही. हे बघा, डाव्या पारड्याला तीन दोऱ्या, उजव्याला दोनच. दिवाळीच्या आधी एका वकीलसाहेबांचा बोर्ड केला, त्यात पण असंच. मी विचारलं होतं त्यांना, एक दोरी राहिली का? तर म्हणाले, डिझाइन आहे ते.’

मीही दोन महिने तो लोगो बघत होते. दोऱ्या एकदाही मोजल्या नव्हत्या.

घरी येऊन चित्रावरून चित्र शोधलं. पाच मिनिटं लागली. एका स्टॉक साइटवर (तयार चित्रांचा साठा असलेल्या) तोच तराजू, तीच राहिलेली दोरी, फुकट उतरवून घ्यायला ठेवलेला. अशा बहुतेक साइट्सच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे चित्र लोगो किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे आमच्या पठ्ठ्याने भर घातली ती फक्त आद्याक्षरांची.

आता कायद्याचं थोडं, कारण घोळ सगळा इथे आहे. आपण पैसे मोजले म्हणजे लोगो आपला, असं वाटतं. तसं नाही. डिझायनर तुमच्या नोकरीत नसेल आणि वेगळा लेखी करार नसेल, तर कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो. तो तुमच्याकडे यायला कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘कायमचा तुमच्या नावावर’ हे नुसत्या शिक्क्याने होत नाही. आणि समजा त्याने सही केली असती तरी काय? जे स्वतःचं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात.

वर्ग ४५ मध्ये, म्हणजे कायदेशीर सेवांच्या वर्गात, ट्रेडमार्कचा अर्ज मी भरून ठेवला होता. ऑनलाइन भरला तर व्यक्तीला ४,५०० रुपये फी, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. ते पैसे काकांमुळे वाचले.

काकांकडून नंबर घेऊन त्या वकीलसाहेबांना फोन केला. ते आधी माझ्यावरच घसरले, ‘ताई, आमचा लोगो तुम्ही कसा काय वापरता?’ मग दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सर्टिफिकेटं एकमेकांना पाठवली. त्यांच्याकडेही तीच सोनेरी किनार. त्यांनी आठ हजार दिले होते, म्हणजे सौद्यातही मी कच्चीच.

डिझायनरला नोटीस पाठवली. बिलावरच्या पत्त्यावरून स्पीड पोस्टाचं पाकीट ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत आलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि सगळे चॅट जोडले, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी अर्जही दिला. पण दोन महिने उलटून गेल्यावर खात्यात काय राहिलेलं असणार? शंका आली त्याच दिवशी फोन करा, मी तीन दिवस ‘गैरसमज असेल’ म्हणत त्याच्याच उत्तराची वाट बघितली.

नवीन काम एका ओळखीच्या मुलीला दिलं. तिला आधी पेन्सिलचे कच्चे आराखडे मागितले, ते तिने समोर बसून काढले. फॉन्टचा परवाना आमच्या नावावर घेतला, स्टॅम्पपेपरवर हस्तांतरण केलं, ओपन फाइल मिळाल्यावर शेवटचा हप्ता. तराजू नको, हे आम्ही दोघं एकदमच बोललो.

जुनी लेटरहेड पाचशे छापली होती. पाठकोऱ्या बाजूवर क्लार्क तारखा लिहितो.

त्या मुलाचा नंबर अजून चालू आहे. परवा बघितलं तर डीपी बदलला होता. आता दातांच्या दवाखान्यांचे लोगो करतो म्हणे.