करोनाकाळातील दिवाळी आणि पालकांसाठीचे ऑनलाइन समुपदेशन : एक अभिप्राय

घरातील मोठ्या वयाच्या मुलाशी किंवा मुलीशी जमेनासे झालेल्या आईवडिलांना सणासुदीच्या आधी व्हिडिओ कॉलवरून मार्गदर्शन करणारी एक सेवा आम्ही उभयतांनी 2020 मध्ये दसऱ्यानंतर घेतली. संस्था लहान आहे आणि आमच्या परिचयातील काही कुटुंबे तिच्याकडे जातात, त्यामुळे नाव दिले तर आमचा मुलगा ओळखला जाईल. त्याच्या संमतीशिवाय तसे होऊ नये, म्हणून येथे नाव लिहीत नाही. अशा सेवा आता अनेक ठिकाणी सुरू झाल्या असल्याने हा अभिप्राय दुसऱ्या कोणाला निवड करताना उपयोगी पडेल, असे वाटते.

मुलगा तिशी ओलांडलेला, अविवाहित. टाळेबंदीत पगार कापला गेल्यावर पुण्यातील भाड्याचे घर सोडून तो नाशिकला आमच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला आला. तो व्यसनी नाही, अंगावर हातही टाकत नाही. मात्र घराच्या वाटणीचा विषय निघाला, की थोरल्या बहिणीचा आणि जावयांचा तो वाटेल तसा अपमान करतो, आणि हा विषय निघायला सणासारखे दुसरे निमित्त नाही. 22 ऑगस्टला गणपती बसले तेव्हा काही प्रश्न आला नाही. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच असावी, गर्दी टाळावी, असे शासनाचेच म्हणणे होते, त्यामुळे यंदा दर्शनाला येऊ नका, हे नातेवाइकांना मोकळेपणाने सांगता आले. दिवाळीपर्यंत चित्र बदलले. 2 सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास लागेनासा झाला होता, लोक प्रवास करू लागले होते, आणि ठाण्याहून मुलीने भाऊबीजेला येऊ का, असे विचारले. त्यावर मुलाचे उत्तर तयार होते : करोना आहे, तिला कशाला बोलावता?

या सेवेचे मोल मला येथे कळले. पहिल्याच सत्रात समुपदेशक बाईंनी आम्हाला कागदावर दोन रकाने आखायला लावले. कोणती बंधने आजारामुळे पाळायची आहेत ती एकात, आणि कोणती भांडणाच्या भीतीने पाळली जात आहेत ती दुसऱ्यात. यजमानांचे वय अडुसष्ट, त्यांना मधुमेह, त्यामुळे पहिला रकाना खोटा नव्हता. उघड्यावर जेवण, कमी वेळ भेट, मुक्काम नको, या गोष्टी साथ नसती तरी आमच्या घराला हितकारकच ठरल्या असत्या, पण त्यांचे खरे कारण तोंडाने उच्चारायची सवय कोणालाच उरली नव्हती. मुलगा करोनाचे नाव पुढे करत होता, आम्हीही करत होतो, आणि मुलीला ते कळत असूनही ती गप्प होती. मुलीला आजाराचे कारण सांगायचे असेल तर ते जेवढे खरे आहे तेवढेच सांगा, उरलेले उरलेल्या नावाने सांगा, एवढाच बाईंचा आग्रह होता. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्याची जुळवाजुळव करण्यात जवळजवळ सगळे सत्र गेले.

मुलाच्या स्वभावाला एखाद्या आजाराचे नाव द्यावे, अशी यजमानांची फार इच्छा होती. बाईंनी ती ठामपणे नाकारली. मुलगा आपल्यासमोर बसलेला नाही, त्याने मदत मागितलेली नाही आणि आपण डॉक्टर नाही, ही त्यांची तीन कारणे मला पटली. मार्च 2020 मधील दूरवैद्यकाच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याच्या, मार्गदर्शक सूचना नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, समुपदेशकाला त्यांचा आधार घेऊन औषध सुचवता येत नाही, हेही त्यांनी आपणहून स्पष्ट केले. सज्ञान माणूस केवळ घरच्यांना जड जातो म्हणून 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला रुग्णालयात दाखल करता येत नाही, याचीही कल्पना त्यांनी दिली. पैसे घेऊन असा नकार देणारी माणसे विरळाच असतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

सर्वांत उपयोगी ठरले ते मुलीला ठाण्याहून सामील करून घेतलेले सत्र. तिला काय हवे आहे, हा प्रश्न बाईंनी थेट तिलाच विचारला. मुक्काम नको, आणि निघावेसे वाटले तर कारण न देता निघता आले पाहिजे, एवढेच तिचे मागणे होते. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, 16 नोव्हेंबरला, आल्यामुळे एका फेरीत दोन्ही सण साधणार होते. सकाळी येऊन आधी ओवाळणी, मग सोसायटीच्या गच्चीवर अंतर ठेवून जेवण, आणि अंधार पडण्यापूर्वी कसारा घाट उतरलेला असावा, असा बेत ठरला. वाटणीचा विषय निघाला तर एकाच व्यक्तीने, म्हणजे मी, एकच वाक्य बोलायचे : या विषयावर आज बोलणे होणार नाही. त्याला पुस्ती जोडायची नाही, समजूत घालायची नाही. मुलालाही हा बेत आदल्या आठवड्यात सांगायचा होता. बेत कळला तर तो चिडेल, ही आमची भीती होती आणि तो चिडलाच, पण आठवडाभर आधी चिडला, हे बरे झाले.

आता उणिवा. संस्थेने पाठवलेली माहितीपुस्तिका उघडच कुठल्यातरी परदेशी मजकुरावरून बेतलेली होती. तीत नाताळच्या मेजवानीचे टेबल होते, तणाव वाढल्यास आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे असा सल्ला होता आणि जवळपास हॉटेलची खोली आधीच राखून ठेवावी असेही सुचवले होते. दोन खोल्यांत चार-सहा माणसे असताना दार कोणते लावायचे, हे त्या पुस्तिकेने सांगितले नाही. मुलगा घरातूनच नोकरी करत असल्याने आम्हाला सत्रेसुद्धा वाहनतळात गाडीत बसून, काचा वर करून घ्यावी लागली. पालक बोलणार कुठून, ही अडचण सेवा आखणाऱ्यांच्या लक्षातच आलेली दिसली नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर. सत्राची आठवण करून देणारा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्यात ‘पालक समुपदेशन’ हे शब्द ठळकपणे होते. यजमानांचे व्हॉट्सअ‍ॅप घरातील संगणकावर उघडे असते. मुलाने तो वाचला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्याची बोलणी खाल्ली. गोपनीयतेविषयी पहिल्या पानावर इतके लिहिणाऱ्या संस्थेकडून हे अपेक्षित नव्हते.

तिसरी उणीव म्हणजे धनत्रयोदशीपासून भाऊबीजेनंतरच्या दिवसापर्यंत संस्था बंद होती. समुपदेशकांनाही दिवाळी असते, हे मान्य. परंतु सणाच्या नावाने विकलेल्या सेवेत ऐन सणात फोनवर केवळ ध्वनिमुद्रित सूचना ऐकू यावी, हे बरोबर नाही. केंद्र सरकारची सप्टेंबरमध्ये सुरू झालेली ‘किरण’ ही मानसिक आरोग्यासाठीची चोवीस तासांची मदतवाहिनी तेव्हा मराठीतही बोलत असे. तिचा क्रमांक आम्ही लिहून ठेवला होता, पण वापरण्याची वेळ आली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणी शांतपणे झाली. जेवताना मुलाने घराचा विषय काढला, मी ठरलेले वाक्य दोनदा उच्चारले, आणि तो ताटावरून उठून दुचाकी घेऊन निघून गेला. जावई ठरल्याप्रमाणे काही बोलले नाहीत. मुलगी दिवेलागणीच्या आधी निघाली. मुलगा बदलला, असे म्हणण्यासारखे काहीही घडलेले नाही, आणि या सेवेने तसे आश्वासनही दिले नव्हते. मला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेसे वाटतात, त्यांतले बहुतेक त्या बाईंचे आहेत, संस्थेचे कमी.

दर सत्राला नऊशे रुपये ही फी मध्यमवर्गीय निवृत्तिवेतनातून परवडण्याच्या काठावर होती. घरात मारहाण होत असेल तर या सेवेत वेळ घालवू नये, तेथे पोलिसांची मदत घ्यावी. मुलाच्या वागण्याच्या मुळाशी दारू असेल तर पुण्यातील ‘मुक्तांगण’सारखे 1986 पासून काम करणारे व्यसनमुक्ती केंद्र किंवा मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीच्या ‘अल-अ‍ॅनॉन’च्या विनाशुल्क सभा अधिक योग्य ठरतील. आमच्यासारखे घर असेल तर मात्र नोंदणी करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : सणाच्या दिवसांत फोन माणूस उचलतो का, आणि आठवणीचा संदेश विषयाचा उल्लेख न करता पाठवला जाईल का.