पहिली रांग की पंखावरची?

मुंबई–नागपूर हा दीड तासाचा विमानप्रवास मला महिन्याकाठी एकदा तरी करावा लागतो आणि उंची सहा फूट एक इंच असल्यामुळे आसनाची निवड हा माझ्यापुरता हौसेचा विषय राहिलेला नाही. स्वस्त विमानसेवांमध्ये मागच्या-पुढच्या आसनांमधले अंतर आता 28 ते 30 इंचांवर आले आहे. आसनांच्या पाठी पातळ करून गुडघ्यांसाठी थोडी जागा काढली जाते हे मान्य केले, तरी त्याबरोबर गादीही पातळ झाली आहे. जास्तीचे पैसे मोजायची तयारी असेल, तर एअरबस ए320 मध्ये खरी निवड उरते ती पहिली रांग आणि पंखावरच्या आपत्कालीन दारांजवळच्या रांगा यांच्यातच.

पहिल्या रांगेचा मी दोन वर्षे निष्ठावंत होतो. समोर कोणी पाठ मागे रेलत नाही आणि उतरताना पहिला क्रमांक लागतो. अडचण आहे ती समोरच्या भिंतीची. गुडघ्यांपुढे वीतभर मोकळी जागा दिसते, परंतु पाय लांब करू गेले की बोटे भिंतीला टेकतात. साध्या रांगेत निदान समोरच्या आसनाखाली पावले सरकवता येतात, तीही सोय येथे नाही. खाण्याचा ट्रे हाताच्या टेकूत दडवलेला असल्याने तो टेकू वर उचलता येत नाही आणि बसायची जागा किंचित अरुंद वाटते, ते वेगळेच. एकदा उतरण्यापूर्वी आमचे विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिले. दार उघडले तेव्हा माझे गुडघे इतके आखडले होते की, सर्वांत पुढे बसूनही मागच्या निम्म्या प्रवाशांना वाट दिल्यावरच मी उभा राहू शकलो. पहिल्या रांगेचे पैसे मी त्यानंतर क्वचितच भरले.

ए320 मध्ये पंखावर दोन्ही बाजूंना दोन-दोन दारे असतात, म्हणून अशा रांगाही दोन असतात. त्यांपैकी पुढच्या रांगेची पाठ मागे जात नाही, कारण तिच्या मागची दाराची वाट मोकळी ठेवावी लागते. म्हणून मी मागची रांग घेतो. तिथे पाय समोरच्या आसनाखाली पूर्ण लांबवता येतात, आणि माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर एवढ्या एका गोष्टीने प्रवास अर्धा झाल्यासारखा वाटतो.

अर्थात ही रांग सर्वांसाठी नाही. प्रसंगी सुमारे 15 किलोचे दार उचलावे लागेल, हे कर्मचारी आधी समजावून सांगतात आणि तुमची तयारी आहे का, हेही विचारतात. लहान मुले, गर्भवती किंवा अशक्त वृद्ध यांना तेथे बसवत नाहीत. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी हातातली पिशवीसुद्धा वर ठेवावी लागते. आई बरोबर असली की मी आजही मुकाट्याने पहिली रांग घेतो. एकट्याने जाणाऱ्या उंच माणसाने मात्र पंखावरची मागची रांग एकदा घेऊन पाहावी, शक्यतो वाटेकडचे आसन. खिडकीतून बहुतेक पंखच दिसतो आणि दाराजवळ पायांना गारवा लागतो.