०.६ मॉड्यूलच्या नावाखाली ४८ पिचचे पिनियन: माझे ₹१४,५८० कसे गेले

टामिया टीटी-०२ किंवा तशाच एखाद्या जपानी रिमोट-कंट्रोल गाडीच्या चासीसाठी जे कोणी व्हॉट्सॲप ग्रुपवरून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) मागवत असतील, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावे. माझ्याकडून तीन वेळा मिळून ₹१४,५८० काढून घेण्यात आले: पिनियनच्या संचासाठी कुरिअरसह ₹३,०३०, ब्रशलेस मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) यांच्या जोडीसाठी ₹७,४००, आणि त्या जोडीवरची कस्टम ड्युटी म्हणून ₹४,१५०. पहिली वस्तू आली ती खोटी निघाली, दुसरी आलीच नाही आणि तिसऱ्या रकमेमागे वस्तूच नव्हती. आगाऊ पैसे, आज रात्रीपर्यंतची सवलत, मग अडकलेले पार्सल हा क्रम आता सर्वांना पाठ आहे, त्यामुळे तो मी पुन्हा उगाळत नाही. संताप याचा आहे की या माणसाने मला गिअरच्याच गणितातून विश्वासात घेतले आणि गिअरच्याच गणितात फसवले.

गाडी मूळ संचातल्या गिअरवर धावत होती: ७० दात्यांचा स्पर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, आणि २२ दात्यांचा पिनियन. टीटी-०२ चा स्परपासून चाकांपर्यंतचा अंतर्गत रेशो २.६ आहे, म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६ असा हिशेब केला की अंतिम रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे, ८.२७ येतो. ब्रशलेस मोटर बसवायची तर वेगवेगळ्या दात्यांचे पिनियन हाताशी असावे लागतात, कारण पिनियन मोठा केला की वेग वाढतो पण मोटर जास्त करंट ओढते आणि तापते, लहान केला की मोटर थंड राहते पण सरळ पट्ट्यात गाडी मागे पडते. नेमका कोणता पिनियन योग्य, हे गाडी चालवून, मोटरचे तापमान बघूनच ठरवावे लागते. म्हणून २० ते २५ दात्यांचा, कडक पोलादाचा, ०.६ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दात्यांच्या आकाराचे मिलिमीटरमधले माप) संच मला हवा होता. आपल्याकडे हे सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. मोजके दुकानदार आहेत, त्यांच्याकडे नेमका हवा तो दात्यांचा आकडा कायम संपलेला असतो, आणि परदेशातून मागवले तर सहा छोट्या चकत्यांसाठी टपालखर्च आणि ड्युटी वस्तूच्या किमतीच्या वर जाते. ज्यांनी हा छंद केलेला नाही, ते “ग्रुपवरून घेतलेच कशाला” असे सहज विचारतात. त्यांना हे उत्तर आहे.

विक्रेता अडाणी नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. किंमत सांगण्याआधी त्याने मला विचारले, “काका, टायरचा व्यास किती आहे ते आधी सांगा, मग पिनियन बघू.” मी ६३ मिलिमीटर सांगितल्यावर त्याने हिशेब करून पाठवला, की ८.२७ रेशोवर मोटरच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २४ मिलिमीटर पुढे जाते आणि २५ दात्यांचा पिनियन लावल्यास रेशो ७.२८ होऊन ते अंतर २७ मिलिमीटरच्या वर जाते. मी स्वतः आकडेमोड करून पाहिली, ती अचूक होती. नवीन मोटरवर सुरुवात लहान पिनियनने करा, बॅटरी अर्धी संपल्यावर गाडी थांबवून मोटरचे तापमान मोजा, हेही त्याने न विचारता सांगितले. इतके बारकाईने बोलणारा माणूस चोर असेल, अशी शंका कोणाच्या मनात येईल? मोटर विकून मोकळे होणारे दुकानदारसुद्धा एवढे विचारत नाहीत.

आता ज्या क्षणी हे सगळे थांबायला हवे होते, तो क्षण. मी मागितलेले नसताना त्याने २२ दात्यांच्या पिनियनचा फोटो पाठवला. पिनियन डिजिटल व्हर्नियरच्या जबड्यात धरलेला होता, बाजूला “२२टी ०.६” असे लेसरने कोरलेले स्वच्छ दिसत होते, आणि व्हर्नियरच्या पडद्यावर आकडा होता १२.७०. मी कोरलेली अक्षरे वाचली, धातूची झळाळी पाहिली आणि “छान आहे” असे उत्तर दिले. गिअरचा बाहेरचा व्यास काढायचे सूत्र शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे: दात्यांच्या संख्येत २ मिळवायचे आणि मॉड्यूलने गुणायचे. २२ अधिक २ म्हणजे २४, गुणिले ०.६ म्हणजे १४.४ मिलिमीटर. पडद्यावर १२.७ होते. आणि १२.७ मिलिमीटर म्हणजे नेमका अर्धा इंच. इंचाच्या मापात ४८ पिचच्या (व्यासाच्या दर इंचाला ४८ दाते) गिअरचा बाहेरचा व्यास २४ भागिले ४८, म्हणजे बरोबर अर्धा इंच येतो. त्या फोटोत पुराव्यासकट लिहिलेले होते की हा ०.६ मॉड्यूलचा गिअर नाही, अमेरिकन बनावटीच्या गाड्यांत चालणारा ४८ पिचचा गिअर आहे आणि त्यावर खोटे नाव कोरले आहे. हा फोटो माझ्या फोनमध्ये पैसे पाठवण्याच्या आधीपासून होता. रात्री डोळे मिटले तरी तो आकडा दिसतो.

तरीही हे केवळ माझ्या नजरेचे अपयश आहे, हे मला मान्य नाही. डोळ्यांनी पाहून ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल यांतला फरक ओळखणे अवघड असते. ४८ पिच म्हणजे मॉड्यूलच्या भाषेत ०.५३, आणि दोन शेजारच्या दात्यांमधले अंतर एकात १.६६ तर दुसऱ्यात १.८८ मिलिमीटर, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी फरक. माल विकणाऱ्याने नाव कोरून दिल्यावर गिऱ्हाइकाने प्रत्येक दाता भिंगाखाली धरावा, अशी अपेक्षा आपण किराणा घेताना करत नाही. तरी आता मी सांगेन की विक्रेत्याकडून व्हर्नियरमधला फोटो मागाच, आणि तो आल्यावर सूत्र लावून पाहा.

पार्सल शनिवारी आले. मागचा भाग खोलून पिनियन बसवायला वेळ लागतो आणि ब्रशलेस जोडीवरची सवलत त्याच रात्री संपणार होती. पहिले पार्सल वेळेवर आल्यामुळे मी रविवारची वाट न पाहता ₹७,४०० पाठवले. पहिली वस्तू गाडीत बसून एक बॅटरी चालल्याशिवाय त्याच माणसाला दुसरा रुपया देऊ नका. छोटी वस्तू वेळेवर पोहोचवणे हाच त्याचा सापळा होता.

रविवारी पिनियन बसवला. पिनियन दांड्यावर पक्का करणारा ग्रब स्क्रू ॲलन कीने आवळताना पहिल्याच पिळात आटे सुटले, तेव्हा धातू मऊ असल्याचे कळले. फ्रिजवरचे चुंबक लावले, ते चिकटले नाही. कानशीचा एक हात मारला तर झिलईखालून पांढुरके ॲल्युमिनियम वर आले. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही, आणि चुंबक हमखास चिकटते. या दोन परीक्षांना मिनिटभर लागते आणि त्या पार्सल उघडतानाच, व्हिडिओ चालू ठेवून कराव्यात.

टीटी-०२ मध्ये मोटर मागेपुढे सरकवता येत नाही. पिनियनच्या दात्यांनुसार ठरलेल्या भोकांतच ती बसते, त्यामुळे इतर गाड्यांप्रमाणे दोन गिअरांमध्ये कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दाते एकमेकांत किती खोल बसतात ते, जुळवण्याचा प्रश्न येत नाही. गिअर खरा असेल तर अंतर आपोआप बरोबर येते. इथे २२ च्या भोकात मोटर बसवल्यावर दाते एकमेकांत जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर अडकत होते. थ्रॉटल दिला की कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येई आणि गाडी जागच्या जागी गचके खाई. मी आवाजाचे रेकॉर्डिंग पाठवले. त्यावर त्याने शांतपणे सांगितले, “मोटर लहान पिनियनच्या भोकात घ्या काका, आवाज जाईल.” मोटर स्परच्या जवळ आली, आवाज खरोखर थोडा कमी झाला, आणि काही मिनिटांतच स्परचे दाते टोकाकडून कुरतडून निघाले, कारण दात्यांमधले अंतरच जुळत नसताना ते जबरदस्तीने एकमेकांत घुसवले होते. नव्या स्परचे ₹६५० वेगळे गेले, ते मी ₹१४,५८० मध्ये धरलेले नाहीत. मेश बिघडलेला असताना भोक बदला, चकती घाला, थोडे घासा असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नका. आधी मॉड्यूल मोजा.

हे सगळे चालू असतानाच ब्रशलेस जोडी मुंबईच्या कस्टममध्ये अडकल्याचा निरोप आला. ड्युटी भरली नाही तर पार्सल परत जाईल आणि आधीचे ₹७,४०० ही बुडतील, असे सांगून त्याने शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो पाठवला. तोपर्यंत गिअर खोटे असल्याचे मला कळले होते, तरी मी ₹४,१५० दिले, कारण ७,४०० वाचवण्याचा दुसरा मार्ग त्या घडीला दिसत नव्हता. सात हजार अडकलेल्या कोणीही हेच केले असते. एवढे मात्र लक्षात ठेवा की कस्टमची ड्युटी कोणाच्या खाजगी यूपीआय आयडीवर भरली जात नाही. ती टपाल खात्यामार्फत किंवा कुरिअर कंपनीमार्फत रीतसर पावतीवर भरली जाते, आणि कस्टमच्या खऱ्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, जो केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे पोहोचताच त्याने मला ब्लॉक केले.

त्यानंतर जे झाले, त्याचा राग मला त्या विक्रेत्याइतकाच आहे. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, त्यामुळे अनधिकृत व्यवहारांबद्दलचे संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी तक्रार अर्धी वाचून विचारले, “खेळण्यातली गाडी का?” मी चासी, मोटर, गिअर समजावू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. माल मिळालेला आहे, तो पसंत पडला नाही, तेव्हा हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा, असा निर्णय त्यांनी उभ्या उभ्या दिला. मग जी मोटर आलीच नाही, तिचे काय? आणि खोटी पावती दाखवून घेतलेल्या ड्युटीचे काय? त्यावर उत्तर मिळाले की सगळे एकाच माणसाशी झालेले व्यवहार आहेत, वेगळे कसे करणार. दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब होते, त्यांनी नेमके उलट सांगितले, की तीन व्यवहार वेगवेगळे आहेत, एकत्र तक्रार घेता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. तीत रकमेची किमान मर्यादा नाही आणि वस्तू खेळण्यातली असल्यास गुन्हा होत नाही, असेही कुठे लिहिलेले नाही. अखेर अर्जावर पोच मिळवण्यासाठीसुद्धा मला वाद घालावा लागला. कोरलेला पिनियन आणि व्हर्नियर मी पिशवीतून सोबत नेला होता, टेबलावर मोजून दाखवतो म्हणालो. कोणी पाहिलासुद्धा नाही. एका मापाने सिद्ध होणारा पुरावा समोर ठेवला असताना तो मोजून बघण्याइतकी तसदी या लोकांनी घेऊ नये, याची मला अतोनात चीड येते.

ग्राहक आयोगाचा मार्ग कागदावर चांगला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मोबदला ₹५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पण नोटीस बजावायला विक्रेत्याचा पत्ता लागतो. पार्सलवरचा पत्ता खोटा निघाला, आणि खातेदाराचे नाव-पत्ता बँक मला देणार नाही, पोलिसांना देईल. पोलीस मागणार नाहीत, कारण त्यांच्या मते हे प्रकरण ग्राहक आयोगाचे आहे. माणसाने जायचे कुठे?

ज्यांचे पैसे नुकतेच गेले असतील, त्यांनी हे वाचून संपवण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम त्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवणे सोपे असते, नंतर अवघड होते. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार संदर्भ क्रमांक) लिहून काढा. ब्लॉक होण्याची वाट न पाहता पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण समोरचा त्याने पाठवलेले संदेश नंतर पुसू शकतो. माझ्या बाबतीत त्याने पिनियनच्या फोटोखालचा किमतीचा संदेश पुसला होता.

तो फोटो अजून फिरतो आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरवरून हाच व्हर्नियर आणि हाच १२.७० आकडा “टामियासाठी कडक पोलाद” म्हणून आला, किंमत आता ₹२,६०० आहे. ज्यांनी त्या फोटोवरून पैसे पाठवले असतील, त्यांनी आपले यूटीआर क्रमांक, पैसे घेणारा यूपीआय आयडी आणि पिनियन व्हर्नियरमध्ये धरून काढलेला फोटो मला कळवावा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि पोलिसांसमोर चार-पाच जणांचे अर्ज एकाच यूपीआय आयडीवर बोट ठेवून गेले, तर निदान त्या खात्याचा पत्ता तरी त्यांना मागवावा लागेल.